कोरडा क्लच

खंडेनवमीच्या दिवशी दुर्गाबाईच्या हातातली तेलाची वाटी खाली टेकत नसे. वर्षभर राबलेलं लोखंड त्या दिवशी धुवायचं, पुसायचं, तेल पाजून ओसरीवरच्या पाटावर बसवायचं, हा तिच्या आजेसासूपासूनचा रिवाज. विळे, खुरपी, कुऱ्हाड, वखराची पास, फवारणीचा पंप, शिलाई मशीन. एकदा हत्यार बसलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला कामाला उठवायचं नाही. वाटूरच्या या घरात माणसाला सुट्टी असो-नसो, लोखंडाला वर्षातून एक पक्की होती. ती कुणी मोडायला गेलं तर दुर्गाबाई नुसती बघायची, आणि मोडणाऱ्याचा हात आपोआप मागे यायचा.

त्याच पाटाच्या एका कडेला शीतलनं आपले पाने मांडले होते. लहानापासून मोठ्यापर्यंत, पेट्रोलमध्ये धुऊन लखलखीत केलेले. शीतल म्हणजे दुर्गाबाईची मधली लेक. भारतच्या पाठची, रामप्रसादच्या आधीची. परतूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नवऱ्याचं घर सोडून ती वाटूरला परत आली तेव्हा गावानं मनसोक्त बोलून घेतलं होतं. आता तो विषय इतका शिळा झाला होता की पारावरच्या रिकामटेकड्यांनाही त्यात चव लागत नव्हती.

"आक्का," चहाचा कप खाली ठेवत रामप्रसाद म्हणाला, "उद्या आमचे साहेब येणार आहेत. गाडी न्यायला."

तो आणि त्याची बायको तृप्ती आदल्या संध्याकाळीच पुण्याहून आले होते. पुण्याची भाषा अजून त्याच्या तोंडातून उतरली नव्हती. ती उतरायला त्याला नेहमी दोन दिवस लागायचे.

"कोणची गाडी?" शीतलनं विचारलं.

"कोणची म्हणजे? इटलीवाली."

शीतलच्या हातात एक पाना होता. पुसून झालेला. तो ती पुन्हा पुसायला लागली.

"बरं झालं बाबा," भारत बोलला. घरची शेती तोच बघायचा आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे जागा किती अडली या हिशोबानं बघायचा. "कापूस येचायला आला, अन् कापसाच्या खोलीत ही महाराणी पाय पसरून बसली. म्या काय इटलीवर कापूस रचू का?"

"अहो, पण आक्कांना विचारलंत का तुम्ही?" तृप्ती हळूच म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? तिलाच मोकळीक. किती वर्षं ती त्या खोलीत ग्रीस चोळत बसणार?"

आतापर्यंत सगळे कारभारींकडे, पोरांच्या नानांकडे, बघायला लागले होते. या घरात शेवटचं वाक्य त्यांचं असायचं आणि ते फार लांब नसायचं.

"शब्द दिला का साहेबाला?" त्यांनी विचारलं.

"दिला, नाना."

"मंग झालं."

झालं म्हणजे झालंच. दुर्गाबाईनं वाटीत बोट बुडवलं आणि पुढच्या विळ्याला तेल लावलं. शीतल उठली, पाना पाटावर ठेवला आणि कुणाकडे न बघता कापसाच्या खोलीत गेली.

ती गाडी रामप्रसादचीच होती, यात वाद नव्हता. पुण्यात नवीन नोकरी लागली तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून त्यानं ती घेतलेली. लाल रंगाची जुनी ड्युकाटी मोटारसायकल. एक सिलिंडर उभा आणि दुसरा पुढच्या चाकाकडे पाय लांबवून आडवा झोपलेला. घेतल्यावर थोड्याच दिवसांत तिनं मान टाकली, आणि टेम्पोत घालून रामप्रसादनं ती वाटूरला आणली. "दर सुट्टीला येतो आक्का, दोघं मिळून उभी करू," असं म्हणाला होता. एक दिवाळी आला. मग लग्न झालं, मग फ्लॅट झाला, मग तो यायचा तेव्हा गाडीबद्दल विचारायचासुद्धा विसरायला लागला.

शीतलनं मात्र इंजिन उघडलं होतं. उघडलं ते कुतूहलानं, आणि मग तिला ते बंद करून निघून येता आलं नाही. आत रबराचे दोन पट्टे होते, त्यांच्यावर सगळा श्वास चालायचा. पट्टा फार ताणला तरी नुकसान, सैल राहिला तरी नुकसान. गाडी फिरो न फिरो, दर दोन-तीन वर्षांनी तो बदलायचाच. पट्टा आणि चाकी यांच्या मधून एक ठरावीक जाडीची ॲलन-चावी अलगद सरकली पाहिजे, तिच्यापेक्षा जाड सरकता कामा नये. हे जमायला तिची एक अख्खी उन्हाळी सुट्टी गेली. जमलं त्या दिवशी तिनं जेवताना दोनदा भाजी मागून घेतली, म्हणून दुर्गाबाईला वाटलं भाजी झकास झालीय.

मग गाडी हळूहळू तिच्या मापाची होत गेली. मूळचं हँडल इतकं खाली की टाकीवर पालथं पडूनच चालवावं लागे. शीतलची पाठ त्याला तयार नव्हती. जुन्या जालन्यात महेबूबभाईच्या लेथवर तिनं तुकडे करून घेतले आणि त्यांच्यावर उंच असं दुसरं हँडल बसवलं. दुसरी सीट आणून तिचा फोम कापून उंची कमी केली. इकडच्या धुळीसाठी हवेची जाळी बदलली. आणि क्लचच्या एका जादा झाकणाला महेबूबभाईकडून खिडक्या पाडून घेतल्या, कारण या गाडीचा क्लच बाकीच्या गाड्यांसारखा तेलात बुडालेला नसतो. तो कोरडा असतो, उघड्या हवेत फिरतो आणि खडखडतो. भांड्यांची पाटी हलवावी तसा.

"मॅडम, नखरे बहुत हय इसके," महेबूबभाई खिडक्या घासता घासता म्हणाले होते, "मगर दिल साफ हय."

दुर्गाबाईला मात्र ती खडखड सोसायची नाही. "कोरडी पडली गं बिचारी. तेल पाज की तिला."

"ती कोरडीच असती माय. तसंच पाहिजे तिला."

"लोखंड कधी कोरडं राहतं का? हे म्हंजे लेकराला उपाशी ठिऊन म्हणायचं, त्याला भूकच लागत न्हाई."

शीतल हसायची. आज तिला हसू आठवलं, पण आलं नाही. गाडी धुऊन पुसून उभी होती. चाकाखाली दुर्गाबाईनं सकाळीच रांगोळीचा ठिपका काढला होता, म्हणजे गाडीही बसली होती. तिला हात लावायचा नव्हता. म्हणून शीतल रिकाम्या गोणीवर बसून नुसती बघत राहिली. वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा टाकीवर पडला होता आणि त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. असं बसलं की तिचं मन निघायचं. वाटूर फाट्यावरून मंठ्याकडे, मंठ्यावरून लोणारकडे, दोन्ही बाजूला तुरीची हिरवी गर्दी, आणि रस्ता खालून असा सरकतोय की आपण नाही, जमीनच चाललीय. प्रत्यक्षात ती पहाटे फाट्यापर्यंत जाऊन यायची, लोक उठायच्या आत. लोणार अजून राहिलंच होतं.

रामप्रसाद दारात आला. हातात पेढा होता. लहानपणी काही फोडलं-तोडलं की तो असाच काहीतरी खायला घेऊन यायचा.

"रागावलीस?"

"कशाला रागवू? तुहीच हाये."

"मला खरंच वाटलं होतं ती गंजून गेली असेल. तू फोटो पाठवलास ना उन्हाळ्यात, तो साहेबांना दाखवला. त्यांच्याकडे अशा जुन्या गाड्या आहेत, काचेच्या हॉलमध्ये ठेवल्यात. बघतच राहिले. म्हणाले, ही मला दे. मी हो म्हणून बसलो."

म्हणजे तिनंच पाठवला. मोठ्या हौसेनं, टाकी चकचकीत पुसून, ऊन बघून काढलेला फोटो.

"चालवतेत का ते?" तिनं विचारलं.

"चालवत नाहीत. बघतात."

शीतलनं पेढा घेतला. तिला म्हणायचं होतं, मला पाहिजे. दोन शब्द. पण बहिणीनं मागायचं नसतं हे तिला फार लवकर कळलं होतं. शेताची हक्कसोड झाली तेव्हा परतूरला कचेरीत नाना आणि दोन्ही भावांनी तिला बाकावर मायशेजारी बसवलं, बोट ठेवून जागा दाखवली आणि तिनं सही केली. येताना भारतनं तिला उसाचा रस पाजला होता. बहिणीनं मागितलं की माहेर तुटतं म्हणतात, आणि शीतलला तर राहायला दुसरं घर नव्हतं. म्हणून ती पेढा खात राहिली आणि रामप्रसादला वाटलं, चला, मिटलं.

दुपारी ती ओसरीवरच्या खाटेवर पडली. डोळा लागतोय न लागतोय तोच कापसाच्या खोलीतून मायच्या बांगड्या वाजल्या. माय काहीतरी पुटपुटत होती, तान्ह्या लेकराशी बोलावं तसं. थोड्या वेळानं ती रिकामी वाटी घेऊन बाहेर आली. हळद-कुंकू वाहिलं असेल, शीतलच्या अर्धवट झोपेला वाटलं, आणि ती पुन्हा त्या रस्त्यावर निघून गेली, तुरीच्या मधल्या.

दसऱ्याला साहेब सकाळीच आले. पांढरी मोटार दारात, टेम्पो फाट्यावर थांबवलेला. माणूस वाईट नव्हता. बूट बाहेर काढून आला, कारभारींना वाकून नमस्कार केला, दुर्गाबाईनं दिलेलं पाणी घेतलं. गाडीची एकटीची पूजा दुर्गाबाईनं पहाटेच उरकली होती, आणि अंगणात काढली तेव्हा तिच्या हँडलला झेंडूचा हार होता. साहेबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी.

"अप्रतिम. फारच सुंदर ठेवलीय. हे हँडल मात्र मूळचं नाही, ना?"

"मूळचं ठिवलंय," शीतल म्हणाली. "फडक्यात गुंडाळून. सीट बी हाये."

"मग ते सगळं बसवून द्या. आणि हे झाकण?"

"ते बी हाये."

"छान. सुरू करू या?"

किल्ली शीतलनंच फिरवली. दोन्ही सिलिंडर एकदम बोलले, तो खोल, दमदार आवाज अंगणातल्या पत्र्यावर घुमला आणि भारतसुद्धा क्षणभर कौतुकानं बघत राहिला. साहेब बसले. त्यांनी क्लच दाबला.

खडखड झाली नाही.

शीतलच्या कानाला ते आधी कळलं. गाडी गप्प होती. साहेबांनी गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन मोठ्यानं ओरडलं आणि गाडी जागच्या जागी कुंथत हातभर पुढं गेली. त्यांनी जास्त ॲक्सिलरेटर दिला. इंजिन आणखी ओरडलं, गाडी आणखी हातभर गेली. मग अंगणात एक वास पसरला.

साहेबांनी नाक वर केलं. "भजी तळताय का कुणी?"

कुणीच काही तळत नव्हतं. चुलीवर पुरणाची डाळ शिजत होती.

साहेब उतरले, रुमालानं हात पुसले. "क्लच गेलाय, रामप्रसाद. हे मला आधी सांगायला हवं होतंस." आवाज शांत होता, पण रामप्रसादचे कान लाल झाले. तो शीतलजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, आणि या वेळी त्याची भाषा एका झटक्यात वाटूरची झाली.

"आक्का, तू काही केल्तं का?"

"तिनं न्हाई तर कुणी?" भारत म्हणाला, आणि त्यानं आवाज मुळीच दबका ठेवला नाही. "काल तोंड बघितलं न्हाई का तिचं? जाऊ द्यायची नव्हती तिला. पण अशी पाहुण्यासमोर इज्जत घालवायची?"

 शीतलनं खाली वाकून झाकणाच्या खिडक्यांतून आत बघितलं. सगळ्या चकत्या ओल्याचिंब चमकत होत्या. करडीचं तेल, आणि त्यात कुंकवाचं एक बोट. ती तशीच वाकून राहिली, कारण वर बघितलं असतं तर तिला मायकडे बघावं लागलं असतं.

आणि खरं सांगायचं तर त्या वाकलेल्या अवस्थेत तिच्या मनात एक गोष्ट येऊन गेलीच. गप्प राहावं. साहेब निघालेच होते, रुमाल खिशात घालत होते. तिला खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं, आणि त्यात ती पटाईत होती. बिघडलेली गाडी कोण काचेत ठेवतं? ती पुन्हा कापसाच्या खोलीत गेली असती. शीतलचीच राहिली असती.

"तिला काय इचारता?" दुर्गाबाई उंबऱ्यावरून पुढं आली. "म्या दिलं तेल. तिच्या खिडक्यांतून. काल सगळ्यांना दिलं, मंग हिलाच काऊन उपाशी ठिवायचं? रोज ओरडती बिचारी. वाटीभर दिलं." तिनं पदर तोंडाला लावला. गाडीकडे बघितलं, मग शीतलकडे. "मेली का गं ती? म्या मारली का?"

सत्तरीची बाई. तिचा आवाज असा चिरकलेला शीतलनं आजोबा गेले तेव्हासुद्धा ऐकला नव्हता.

"न्हाई माय," शीतल उभी राहिली. तिला राहवलंच नाही. "काही झालं न्हाई तिला. तेल पुसलं की चालती. साहेब, क्लच गेला न्हाई. तासाभरात देते करून."

"पण पाने," तृप्ती पुटपुटली. पाने पाटावर होते. पाटाची पूजा व्हायची होती. हत्यार बसलेलं.

दुर्गाबाई वळली, ओसरीवर गेली, आणि जिनं या घरात आजवर कुणाला बसलेलं खुरपंसुद्धा उचलू दिलं नव्हतं तिनं फुलं बाजूला सारून शीतलचे पाने स्वतःच्या हातानं ओंजळीत घेतले. "धर. देवीला म्या सांगते काय सांगायचं ते."

अंगणात चादर अंथरली. शीतलनं झाकण काढलं, स्प्रिंगा काढल्या, एकेक चकती ओढून बाहेर घेतली आणि क्रमानं मांडली. एक खरखरीत, एक गुळगुळीत. पेट्रोलमध्ये बुडवायची, ब्रशनं घासायची, उन्हात ठेवायची. दुर्गाबाई मांडी घालून बसली आणि कोरड्या फडक्यानं पुसून चकत्या पालथ्या-उताण्या करायला लागली. हे काम तिला ठाऊक होतं. कुरडया वाळवण्यापेक्षा यात काही वेगळं नव्हतं.

"तुहं ऐकलं असतं तर," ती म्हणाली.

"जाऊ दे माय."

"तू म्हणली होती, कोरडीच असती. मला वाटलं पोरगी कंटाळा करती."

शीतलला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पेट्रोलच्या वासानं आलं असं वाटेल, म्हणून तिनं ते पुसलं नाही.

रामप्रसाद बराच वेळ उभा होता. मग त्यानं पँटचा पाय वर ओढला आणि चादरीच्या कडेला उकिडवा बसला. एक चकती हातात घेतली. "ही कुठली?"

"ठिव तिथंच. क्रम मोडू नको."

त्यानं गुपचूप ठेवली. चकत्या वाळेपर्यंत त्याला दुसरं काही काम नव्हतं म्हणून तो गाडीवर बसून बघायला गेला. चाळा म्हणून. सीट इतकी खाली की त्याचे गुडघे वर आले. हँडल पोटाशी आलं, कोपर गुडघ्याला लागलं. त्यानं पाय मागं घेतले, तिथंही जमेना. तो उंच माणूस. उतरून त्यानं हँडलखालचे ते महेबूबभाईचे तुकडे बोटानं चाचपले. मग सीटची शिलाई. घरच्याच मशीनवर मारलेली, दुर्गाबाई गोधडीला मारायची तशी दुहेरी शिलाई. परत चादरीपाशी येऊन बसला तो जरा जवळ सरकून.

चकत्या आत गेल्या. झाकण बसलं. शीतलनं किल्ली फिरवली, क्लच दाबला, आणि ती भांड्यांची पाटी पुन्हा खडखडायला लागली. दुर्गाबाईनं जन्मात पहिल्यांदा त्या आवाजाला हात जोडले.

शीतलनं अंगणातल्या अंगणात एक गोल चक्कर मारून दाखवली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. "कमाल! आता तेवढं मूळचं हँडल आणि सीट आणा. मी थांबतो."

शीतल खोलीत गेली. फडक्यातलं हँडल काढलं. त्यावर तिनं दर वर्षी हलकासा हात फिरवला होता, गंज चढू नये म्हणून. ते हातात घेऊन ती अंगणात आली आणि गाडीपाशी उभी राहिली. पाना खिशात होता. तिनं पाना काढलासुद्धा. दोन स्क्रू सैल केले की तिची इतक्या वर्षांची पाठ, तिचे खांदे, तिचे हात त्या गाडीवरून उतरणार होते.

"रामप्रसाद," ती म्हणाली, "मी देत न्हाई ही."



"काय म्हणली?" भारतनं विचारलं.

"देत न्हाई म्हणले. मघा गप राह्यले असते तर साहेब आपणहून गेले असते. ती लबाडी मला करायची नव्हती. गाडी चांगली हाये, साहेब, एकदम चांगली हाये. अन् मला पाहिजे. मला लै पाहिजे." तिनं मूळचं हँडल खाली ठेवलं. "शेताच्या वक्ताला तुम्ही बोट ठिवलं तिथं मी सही केली. मला कुणी इचारलं न्हाई अन् मी बी बोलले न्हाई. आज कुणी इचारायच्या आधीच बोलते. ही एक वस्तू मला पाहिजे."

"आगं, शेताचा अन् ह्याचा काय संबंध?" भारत उखडला. "बहिणीच्या हट्टापायी भावानं नोकरीवरच्या साहेबाला तोंड कसं दाखवायचं? नाना, सांगा की तिला."

कारभारी पाराला टेकल्यासारखे खांबाला टेकून बसले होते. "शब्द दिलाय त्यानं," ते म्हणाले. पण काल म्हणाले होते तसं नाही. जरा थांबून.

"दुसऱ्याच्या वस्तूचा शब्द देता येत न्हाई जी," दुर्गाबाई म्हणाली. तिचे हात अजून पेट्रोलनं वाळलेले, पांढरे पडलेले होते. "लेकराला जन्म देणारं येगळं अन् न्हाऊ-माखू घालणारं येगळं असंल, तर लेकरू कुणाला माय म्हणतंय? अन् शेताचा संबंध हाये. तवा म्या बी खाली मान घालून बसले होते बाकावर. मला ठाऊक हाये संबंध."

एवढं बोलायची तिची ती पहिलीच वेळ. कारभारी तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी काहीच म्हटलं नाही. या घरात त्यांनी काहीच न म्हणणं हे आजवर घडलं नव्हतं.

आता सगळे रामप्रसादकडे बघत होते. साहेबही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं एक थंड कुतूहल होतं, आणि रामप्रसादला त्याची भीती रागापेक्षा जास्त वाटत असावी. त्यानं ओठ ओले केले. तृप्तीकडे बघितलं. तृप्तीनं मान हलवली नाही, पण त्याच्या बाजूची जागा सोडून ती दोन पावलं चालली आणि शीतलच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"सर," तो म्हणाला. "माफ करा. गाडी माझी नाही."

"कागदावर तर..."

"कागदावर आहे. उद्या नसेल. मी मघाशी तिच्यावर बसलो, सर. मला बसताच येत नाही."

साहेब पुरणपोळीला थांबले नाहीत. दुर्गाबाईनं केलेला आग्रह त्यांनी नम्रपणे नाकारला, बूट घातले आणि पांढरी मोटार धूळ उडवत फाट्याकडे गेली. रामप्रसाद ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. पुढच्या आठवड्यात ऑफिसात काय होईल ते त्याला ठाऊक होतं, आणि नव्हतंही. मग तो वळला आणि एकदम लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "आक्का, पेढा दे की एखादा." शीतलनं त्याच्या डोक्यात टपली मारली आणि त्याला जवळ ओढलं. 

"अन् माझा कापूस?" भारत म्हणाला.



दिवस कलताना शिलंगणाला निघायची वेळ झाली. शिलंगणाला बाप्यांनी जायचं. गावाची शीव ओलांडायची, आपट्याची पानं लुटायची आणि सोनं घेऊन परत यायचं. बायांनी घरी थांबायचं आणि आले की उंबऱ्यावर ओवाळायचं. कारभारी धोतर सावरून निघाले, भारत-रामप्रसाद त्यांच्या मागं. शीतल गाडी बाहेर काढून उभी होती. तिलाही अजून ठाऊक नव्हतं कशाला.

"तू काय करती?" दुर्गाबाईनं विचारलं.

"काय न्हाई. जरा फाट्यापर्यंत..."

"फाटा शिवेच्या अलीकडंच हाये. जायचं तर पलीकडं जा."

शीतल गेली. गावातून जाताना ती खडखड आणि तो दमदार आवाज दारादारांत माणसं उभी करत गेला. दिवसाढवळ्या, सगळ्या गावादेखत. फाटा आला, मागं पडला. शिवेचा दगड आला. नानांनी हात वर केला, रामप्रसादनं शिट्टी मारली, आणि मग रस्ता मोकळा झाला. तुरीच्या पिवळ्या फुलांवर उतरतं ऊन होतं. हवा कानाशी बोलत होती. किती लांब गेली, कुठून वळली, ते तिला सांगता आलं नसतं. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मी गेलेच नाही, जमीन आली माझ्याकडे. आपट्याची पानं तिनं येताना एका बांधावरून तोडली आणि कुर्त्याच्या खिशात कोंबली.

ती घरी आली तेव्हा बाप्ये आधीच पोचले होते. उंबऱ्याशी दुर्गाबाई आरतीचं ताट घेऊन उभी. भारत पुढं कपाळ काढून तयारीत उभा होता, दरवर्षीसारखा पहिला.

"सरक जरा," दुर्गाबाई त्याला म्हणाली. "ती येऊन राह्यली."

शीतलनं अंगणात गाडी उभी केली, पण बंद केली नाही. तिला काही सुधरत नव्हतं. माय पायरी उतरून खाली आली. ताट गाडीसमोर धरलं, चाकावर पाणी घातलं आणि मग ताट वर नेलं, लेकाला ओवाळतात तसं शीतलच्या तोंडासमोर. बोटाला कुंकू घेतलं आणि थांबली.

"ते डोक्यावरचं काढ की बाई," ती म्हणाली. "कुंकू कुठं लावू?"

शीतलनं हेल्मेट काढलं आणि कपाळ पुढं केलं.